बद्रुद्दीनभाईंचा फोटो आणि नाथाचं धाकटं

दूध बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागूनच बद्रुद्दीन मणियार यांचा रोशन फोटो स्टुडिओ. मधली भिंत प्लायवुडची. त्यामुळे तिकडे भाई "हनुवटी खाली" म्हणाले की इकडे माझी गिऱ्हाइकंसुद्धा हनुवटी खाली घेतात.

भाईंचा पासपोर्ट फोटो आमच्या भागात प्रसिद्ध आहे. "हनुवटी खाली, खांदे सैल, हलू नका, श्वास सोडा" असं सगळं ते एका दमात सांगतात, आणि यातलं आधी काय करायचं याचा माणूस विचार करत असतानाच बटण दाबतात. अर्ध्या जुन्या नाशकाच्या ओळखपत्रांवर म्हणूनच एकच चेहरा आहे: घरातून निघताना गॅस बंद केला होता का, हे आठवणाऱ्या माणसाचा.

पण हे झालं पोटापाण्याचं. रविवारी भाई वेगळे असतात. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवायचा, स्कूटरला किक मारायची आणि कधी गोदाघाट, कधी सिन्नरच्या रस्त्यावरची शेतं, कधी लासलगावचं कांदा मार्केट असं हिंडायचं. फोटो मात्र अप्रतिम काढतात. ते सगळे कॉम्प्युटरमध्ये जाऊन पडायचे आणि तिथेच राहायचे. कौसरभाभी म्हणायच्या, "फोटोंना चारापाणी लागत नाही म्हणून बरं, नाहीतर यांनी एवढे पाळले नसते." कौसरभाभी सिन्नरच्या. त्यांच्या माहेरी सगळा कारभार मराठीत, त्यामुळे नवऱ्याचे कान उपटायला त्या मराठीच वापरतात.

त्यांची मुलगी फलक अंबडला एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनंच हे खूळ घरात आणलं.

"अब्बू, हे फोटो नुसते सडतायत," ती म्हणाली. "परदेशी एजन्सी असतात. त्यांच्याकडे फोटो टाकायचे. जगात कुणालाही जाहिरातीला, पुस्तकाला, बातमीला फोटो हवा असला की ते तिथून विकत घेतात. प्रत्येक वेळी तुम्हाला थोडं मिळतं."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडंच, अब्बू."

भाईंना पैशाचं एवढं नव्हतं. आपला घाट कुणीतरी नॉर्वेत बसून बघेल, या विचारानंच त्यांच्या मिशा फुलल्या. त्यांनी गोदाघाटाचा सकाळचा सगळ्यात देखणा फोटो पाठवला. उत्तर इंग्रजीत आलं. फलक ऑफिसात होती, म्हणून भाई मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "ज्ञानेश, वाच. बहुतेक अभिनंदन असेल."

अभिनंदन नव्हतं. फोटोत ओळखू येतील अशी माणसं आहेत, त्या प्रत्येकाचं सहीचं संमतीपत्र जोडा, असं लिहिलं होतं.

"प्रत्येकाचं?" भाई म्हणाले. "अरे, त्यात डुबकी मारलेलेही आहेत. ते वर येईपर्यंत मी थांबू का?"

मग त्यांनी ठरवलं, माणसं नकोतच. स्टीलच्या पेल्यातला चहा काढला. वाफ अशी की बघणाऱ्याला तलफ यावी. नापास. कारण काय, तर पेल्यावर एका माणसाचं प्रतिबिंब दिसतं आणि त्याचं संमतीपत्र नाही. तो माणूस म्हणजे खुद्द भाई. तेव्हा बद्रुद्दीन मणियार या फोटोग्राफरनं बद्रुद्दीन मणियार या मॉडेलकडून रीतसर परवानगी घेतली, दोन्ही ठिकाणी दोघांनी सह्या केल्या आणि साक्षीदार म्हणून मी. सही करताना भाई स्वतःशीच म्हणाले, "माणूस ओळखीचा आहे, नाही म्हणणार नाही."

तरीही नापास. या वेळी फोकस चुकला होता म्हणे. भाईंचा फोकस! भाई जेवतानासुद्धा पापड नीट फोकसमध्ये येईपर्यंत खात नाहीत.

लासलगावच्या कांद्याच्या ढिगाची तर वेगळीच तऱ्हा. फोटोबरोबर इंग्रजी शब्द लिहून द्यावे लागतात, म्हणजे घेणाऱ्याला शोधता येतं. भाईंनी माझ्या मदतीनं लिहिलं: कांदा, लाल, गोल, बाजार, अश्रू, निवडणूक. उत्तर आलं, काही शब्दांचा चित्राशी संबंध नाही.

"कांद्याचा आणि निवडणुकीचा संबंध नाही?" भाई माझ्या दुकानात उभे राहून ओरडले. झेरॉक्सला आलेल्या दोन माणसांनीही मान हलवली. "हा माणूस कधी नाशिक जिल्ह्यात आलेलाच नाही!"

हा "माणूस" म्हणजे फोटो तपासणारा. तिथे तपासणारे अनेक असतील, किंवा माणूस नसेलच, नुसतं मशीन असेल, असं फलकनं कितीदा सांगितलं. पण भाईंच्या डोक्यात तो एकच होता, गोरा, बारीक चष्म्याचा, लिंबाचं सरबत पीत बसलेला. कौसरभाभींनी त्याचं नाव ठेवलं जावई. "पोरीचं लग्न ठरायचंय अजून," त्या म्हणायच्या, "आणि याचे नखरे आत्तापासून. काय वाढलं तरी नाकच मुरडतोय."

मग सह्यांची मोहीम निघाली. भाई संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्याकडून काढून घेऊन गेले आणि तासाभरात तसाच परत घेऊन आले. कुणी म्हणे, सही केली की बँकेतून पैसे जातात. कुणी म्हणे, आधी आमच्या वकिलाला दाखवतो. भाजी विकणाऱ्या सुलाबाईंनी मात्र लगेच पेन हातात घेतलं. "सही देते, पण एक अट. फोटोत मला बारीक करायचं." भाईंनी तत्त्वाचा माणूस म्हणून नकार दिला. सुलाबाईंनी पेन परत दिलं आणि त्या दिवसापासून भाईंना कोथिंबीर मिळायची बंद झाली.

अशात फेब्रुवारीत नाथा आला.

नाथा पिंगळे मखमलाबादचा, द्राक्षबागायतदार. त्याच्या लग्नाचे फोटो भाईंनी काढले होते, तेव्हापासूनची दोस्ती. दर हंगामाला पहिल्या तोडीची पेटी तो कौसरभाभींसाठी आणून देतो. नाथाच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. करंगळीच्या पलीकडे आणखी एक, चांगलं पेरांचं, नखाचं, वाकणारं बोट. नाथा त्याला "धाकटं" म्हणतो आणि लाडानं वागवतो. चांदीची अंगठी त्याच बोटात. एखादी गोष्ट फार आवडली तर तो दाद देताना नुसतं धाकटं हलवतो.

त्या सकाळी स्टुडिओच्या दारातून तिरपं ऊन आत येत होतं. नाथानं पेटीतून एक घड उचलून उन्हात धरला. "बघा बद्रूभाई, काय रंग हाय!" मण्यांवरची ती पांढरट साय, खाली नाथाचा राकट, भेगाळलेला हात आणि मागे भाईंचा काळा पडदा. भाईंनी कॅमेरा उचलला. "नाथा, हलू नको," एवढंच म्हणाले. श्वास सोड वगैरे काही नाही. पाच-सहा वेळा बटण वाजलं.

तो फोटो मी पाहिला आहे. खरं सांगतो, मला कलेतलं ओ की ठो कळत नाही, पण तो बघताना मी तोंडात मावा टाकायचा विसरलो.

नाथानं संमतीपत्रावर झोकदार सही केली आणि विचारलं, "धाकट्याची येगळी लागंल का?"

फोटो गेला. दुसऱ्या दिवशी भाई माझ्याकडे आले ते जणू कुणाच्या मयतीहून. मी वाचलं. पुन्हा वाचलं. लिहिलं होतं: हे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं दिसतं. हाताची रचना चुकीची आहे. कृपया बोटं मोजा.

संध्याकाळी फलकनं समजावून सांगितलं. आजकाल कॉम्प्युटर स्वतःच चित्रं बनवतो आणि बोटांच्या बाबतीत तो कच्चा आहे, कधी चार काढतो तर कधी सात. म्हणून जास्त बोटं दिसली की लोक समजतात, चित्र खोटं. एवढं सांगता सांगता तिला हसू आवरेना. ती खुर्चीवरून खाली बसली ती बसलीच.

भाई हसले नाहीत. "फोकस चुकला म्हणाला, सोसलं. कांदा कळला नाही, सोसलं. पण मी खोटा?"

नाथाला कळलं तेव्हा तो भाईंच्या वरताण तापला. "माझा हात कॉम्प्युटरनं बनवला? माझ्या आईनं बनवलाय! तिला बोलवू का साक्षीला?"

त्यांनी अपील करायचं ठरवलं. मी पत्र लिहिलं: महोदय, सदर हात अस्सल आहे. सोबत भाईंनी कॅमेऱ्यातली मूळ फाईल जोडली. उत्तर क्षणात आलं. जोडलेल्या फाईली आम्ही उघडत नाही, आपल्या समाधानात आम्हाला आनंद आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

भाईंनी एकही तारा दिला नाही. त्यावर विचारणा आली, कमी तारे देण्याचं कारण काय? कारणांच्या यादीत बोटांचा उल्लेख नव्हता.

फलक म्हणाली, व्हिडिओची सोय आहे, व्हिडिओ पाठवा. नाथाला स्टुलावर बसवलं. इंग्रजीत आकडे मोजायचे, असं ठरलं. नाथानं सकाळभर पाठांतर केलं. भाईंनी दिवे लावले आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "हनुवटी खाली, खांदे सैल, हलू नका, श्वास सोडा." झालं! नाथाचा पुतळा झाला. डोळे विस्फारलेले, पापणी लवेना, आणि एका सुरात "वन. टू. थ्री." प्रत्येक बोट झटका बसल्यासारखं वर. सहाव्याला तर धाकटं एकटंच थरथर कापत उभं राहिलं.

जावयाचं उत्तर आलं: व्हिडिओही कृत्रिम वाटतो. विशेषतः चेहरा.

"चेहरा?" नाथा खुर्चीत मागे टेकला. हा घाव बोटापेक्षा खोल गेला होता. "आता चेहऱ्याला काय झालं?"

कौसरभाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, "नाथाभाऊ, यात मात्र जावयाचं चुकलं नाही हो."

यानंतर दोन आठवडे भाईंनी एकही फोटो पाठवला नाही. मग एका दुपारी मी पलीकडे डोकावलो तर ते कॉम्प्युटरसमोर वाकून काहीतरी करत होते, तोंड चोरट्यासारखं. फलकनं सुचवलं होतं, एक बोट पुसून टाका, संपला विषय. भाईंचा हात या कामात सफाईचा. लग्नाच्या फोटोतून नको असलेले पाहुणे त्यांनी असे कितीतरी काढलेत. धाकटं गेलं, जागा भरली, शिवण दिसेना.

फोटो पाठवला आणि चहा निवायच्या आत पास झाला. वर शेरा: अतिशय नैसर्गिक आणि प्रामाणिक छायाचित्र.

भाईंना आनंद व्हावा ना? त्यांनी मला जिलेबीसुद्धा दिली. पण स्वतः खाल्ली नाही. तेवढ्यात नाथा दारात. कुणी बोलवलं नव्हतं, खताच्या दुकानात आला होता. भाईंनी मोबाईल त्याच्या हातात दिला. लपवायचं जमत नाही त्यांना.

नाथानं फोटो बघितला. मग खऱ्या हाताची बोटं एकेक करून त्यावर ठेवून मोजली. शेवटी धाकटं हवेतच राहिलं.

"हे कुठं गेलं?"

भाईंनी जिलेबीचा पुडा बाजूला सरकवला.

"माझी आई म्हनायची," नाथा हळू आवाजात म्हणाला, "देवानं तुला एक जास्तीचं दिलंय, म्हंजी कुनाला तरी कमी दिलं असंल. जपून वापर. आनि तुमी पुसून टाकलं, बद्रूभाई?"

भाईंनी मोबाईल परत घेतला आणि तिथल्या तिथे तो फोटो एजन्सीवरून काढून टाकला. त्यांचा तोवरचा एकुलता एक पास झालेला फोटो. मग त्यांनी नाथाला जिलेबी दिली. नाथानं बराच वेळ ती तशीच हातात धरली आणि मग खाल्ली. धाकटं हललं नाही, पण खाल्ली.

मार्ग शेवटी फलकनंच काढला. एजन्सीत कॉम्प्युटरनं बनवलेल्या चित्रांसाठीही वेगळा विभाग होता. तिथे टाकताना एका चौकोनात खूण करायची, की हे चित्र कृत्रिम आहे.

"म्हणजे खऱ्याला खोटं म्हणायचं?" भाई म्हणाले.

"हो अब्बू. खोटं म्हटलं की ते खरं मानतील."

भाईंनी नाथाला फोन लावला. नाथानं विचार केला. "फोटोत धाकटं हाय ना? मंग त्यांना काय बी म्हनू द्या." कौसरभाभींनी आपलं मत न विचारता दिलं, "जावयाच्या घरी थोडं खोटं बोलावंच लागतं."

खूण केली. फोटो पास झाला. आणि काही दिवसांनी तो चक्क विकला गेला! आलेल्या पैशात काडेपेटी आली असती, पण भाईंनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. कुणी घेतला, कशासाठी घेतला, हे एजन्सी सांगत नाही. भाईंची खात्री होती की एखाद्या मोठ्या द्राक्षाच्या कंपनीनं घेतला असणार, बहुतेक नॉर्वेतल्या.

ते आम्हाला नाथानं मोबाईलवर पुढे पाठवलं तेव्हा कळलं. नाथाला ते त्याच्या लासलगावच्या बहिणीकडून कळलं, तिला तिच्या जावेकडून, आणि मग मखमलाबादच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवरून. कुठल्यातरी वेबसाईटनं लेख छापला होता: खोटे फोटो कसे ओळखाल? वर नाथाचा हात, द्राक्षांचा घड आणि धाकट्याभोवती जाडजूड लाल गोल. खाली ओळ: फसू नका, आधी बोटं मोजा. हे मराठीत करून कुणीतरी पुढे धाडलं होतं आणि शेवटी हात जोडलेली चित्रं लावली होती. बहिणीनं खाली लिहिलं होतं, दादा, हा आपलाच ना?

भाईंनी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं. "नाथा येईल," ते म्हणाले. "आणि या वेळी जिलेबीनं भागणार नाही. ज्ञानेश, तू इथेच थांब."

नाथा आलाच. मोटरसायकल लावली, शटरखालून वाकून आत आला, स्टुलावर बसला. आम्ही दोघं भिंतीला टेकून.

"लय तमाशा झालाय," तो म्हणाला. "गावात जो तो हात दाखव म्हनतो. काल सोसायटीत गेलो, मॅनेजरनं पन आधी बोटं मोजली, मंग चहा दिला. गंगापूर रोडला मी द्राक्षाचा स्टॉल लावतो ना, तिथं पोरं गाड्या थांबवून येत्यात. काका, तो खोटा हात तुमचाच का? म्हंजी हात धरून बघत्यात. ओढून बघत्यात! एकीनं तर चिमटा काढला."

"नाथा, माफ कर," भाई म्हणाले.

"आता हात धरला म्हंजी रिकाम्या हातानं कसं जातील? किलोभर तरी घेत्यातच." नाथानं खिशातून मोबाईल काढून तो लेख उघडला. "मला ह्यो फोटो मोठा करून पायजे, स्टॉलवर लावायला. फ्रेम करून. आनि त्यो लाल गोल काढू नका बरं का. गोलामुळंच तर बोट उठून दिसतंय."

भाईंनी शटर वर ढकललं. फोटो मोठा केला, चांगल्या कागदावर. गोल जरा फिका वाटला म्हणून भाईंनी तो गडद केला, खाली मी कॉम्प्युटरवर ओळ टाकली: हाच तो हात, खात्री करून घ्या. त्या हंगामात गंगापूर रोडवर नाथाएवढा माल कुणाचा उठला नाही, असं नाथा सांगतो, आणि सांगताना धाकटं हलवतो.

मार्चअखेर एजन्सीचं भाईंना पत्र आलं. या वेळी खरंच अभिनंदन होतं. मी मोठ्यानं वाचलं. आपलं कृत्रिम चित्र आमच्या ग्राहकांना फार आवडलं आहे. इतक्या खऱ्यासारख्या चुका फार थोड्या कलावंतांना जमतात. आपण आपल्या यंत्राला काय सूचना देता, हे जाणून घ्यायला आवडेल. कृपया अशीच आणखी चित्रं बनवा.

"काय सूचना देतो म्हणजे?" भाईंनी विचारलं.

"यंत्राला काय सांगता, विचारतायत."

"लिही," भाई म्हणाले. "हनुवटी खाली, खांदे सैल."

मी तसंच इंग्रजीत लिहून पाठवलं. त्यांचे मनापासून आभार आले.

कौसरभाभींना वाटलं, आता तरी हे खूळ जाईल. पण भाई दुसऱ्याच विचारात होते. नाथानं बोलता बोलता सांगितलं होतं की त्याची मावशी नांदगावला असते, कुसाबाई, आणि तिच्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. पुढच्या रविवारी भाईंनी दुकान माझ्यावर सोपवलं आणि नाथाला घेऊन एसटीनं नांदगाव गाठलं. तिथलं सगळं नाथानं मला नंतर सांगितलं.

कुसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. भाचा आला म्हणून त्यांनी दोघांना आधी पिठलं-भाकरी खायला लावली, मग कारण विचारलं. नाथानं सांगितलं.

"पायाचा फोटो?" कुसाबाई म्हणाल्या. "एवढ्या लांबून? माझ्या लग्नात बी कुनी काढला नाय!"

त्या उठल्या, न्हाणीत गेल्या आणि चांगला अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा दोन्ही पाय घासून लख्ख, जोडवी चिंचेनं उजळलेली, आणि अंगावर ठेवणीतलं लुगडं. ओट्यावर बसून त्यांनी डावा पाय उन्हात पुढे केला. भाई गुडघ्यावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला. "मावशी, फक्त पाय येणार आहे हो फोटोत," त्यांनी सांगून ठेवलं.

"मला ठाव हाय," कुसाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, नथ सरळ केली आणि छान हसल्या.